शिक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची?

समाजवादी व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलले जाते तेव्हा शाळांची संख्या, अनुदान, शिक्षकांच्या रिक्त जागा आणि खासगीकरण हे विषय हटकून येतात. ते यायलाच हवेत. पण शाळा उघडली, शिक्षक नेमला, पुस्तके वाटली, की त्यानंतर एक प्रश्न उरतो आणि त्याची दखल कोणत्याही ठरावात घेतली जात नाही. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला अडचण आली तर त्याने ती कोणाला विचारावी? विचारल्यास उत्तर देण्याचे बंधन कोणावर आहे? आणि दिलेले उत्तर कोणाच्या मालकीचे?

हा प्रश्न किती खरा आहे, हे २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्राने पाहिले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि एकच गदारोळ उठला. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली, वाहिन्यांवर वादविवाद रंगले, विधिमंडळात विनोद झाले. मराठी भाषा बुडाली, असा टाहो फोडला गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण स्पष्ट केले: मराठीत दोन अंकी संख्या उच्चारताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो, या उलटसुलटीत लहान मूल अडखळते, शिवाय जोडाक्षरांनी भरलेली ती नावे पाठ करणे त्याला जड जाते, जुनी पद्धत मात्र रद्द झालेली नाही. स्पष्टीकरण साधे आणि पटण्याजोगे होते. पण ते आले तोवर चेष्टा घरोघरी पोहोचली होती. ज्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग घ्यायचा होता, त्याच्या हाती पुस्तकाचे एक पान आणि मोबाईलवर आलेला एक विनोद, एवढेच होते.

या प्रसंगातील खरी शोकांतिका निराळीच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून चालत आल्या आहेत. तमिळ, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत एकविसाला ‘वीस’ आधी आणि ‘एक’ नंतर असेच म्हणतात. म्हणजे ज्या पद्धतीवर सारे राज्य हसत होते, ती याच शहरात दक्षिणी भाषांच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. तिथे मुले कुठे अडतात आणि कुठे सहज पुढे जातात, हे तेथील शिक्षकांना अनुभवाने ठाऊक होते. मराठी माध्यमातील शिक्षिकेने विचारावे आणि कन्नड माध्यमातील शिक्षकाने सांगावे, अशी जागा असती तर एका आठवड्यात प्रश्नाचा निकाल लागला असता. उत्तर शहरात होते, ते पोहोचविणारी वाट नव्हती.

शिक्षकांच्या प्रश्नोत्तरांची ऑनलाइन सेवा म्हणजे ही वाट. संगणकतज्ज्ञांची नवलाई किंवा शिक्षणखात्याच्या कारभाराला चढविलेला आधुनिक मुलामा म्हणून तिच्याकडे पाहू नये. नळाचे पाणी, बस आणि दवाखाना यांच्या पंक्तीत बसणारी ती एक सार्वजनिक सेवा आहे. सार्वजनिक सेवेला लावायचे सारे निकष तिला लावले पाहिजेत.

उपनगरांत या सेवेची निकड अधिक का, हे भूगोलच सांगतो. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये मुंबई पालिकेची हद्द वाढत गेली आणि अखेर ती पश्चिमेस दहिसरपर्यंत, पूर्वेस मुलुंडपर्यंत पोहोचली. १९९० मध्ये उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. याच जिल्ह्यात, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. म्हणजे तज्ज्ञांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो संपर्काचा. बोरिवलीच्या शिक्षिकेला शाळा सुटल्यावर मानखुर्द गाठायचे तर गर्दीच्या वेळी दोनदा गाडी बदलावी लागते आणि परतेपर्यंत रात्र होते. घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यासही बहुधा तिच्याच वाट्याला. तिने एका प्रश्नासाठी हा प्रवास करावा, अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. मग ती काय करते? मोबाईलवरील समूहात प्रश्न टाकते. त्यावर तीन नमस्कार, दोन सुविचार आणि एक परिपत्रक येते. क्वचित एखादे उत्तम उत्तरही येते, पण संध्याकाळपर्यंत ते शंभर संदेशांच्या खाली गाडले जाते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न दुसरी शिक्षिका पुन्हा विचारते.

असे काम पूर्वी कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्याच्या आरंभीच्या शिक्षक-प्रशिक्षणात सहभागी होते. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारीत आणि त्यांना पत्राने उत्तर मिळे. शिक्षकांसाठी मासिक बैठका होत, ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची पत्रिका निघे. वर्गात फसलेला प्रयोग शिक्षक उघडपणे मांडत आणि विद्यापीठातला प्राध्यापक त्यांच्यासोबत बसून तो पुन्हा करून पाही.

यंत्र नव्हते, वीज बेभरवशाची होती, पोस्टकार्डावर सारे चालत होते. तरीही ती सेवा चालली, कारण प्रश्न हाती आला की त्याचे काहीतरी करणे हे कोणाचे तरी काम होते. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत उभे राहिलेले शाळांतील काम एका सरकारी निर्णयाने थांबले. यातून दोन धडे मिळतात. प्रश्नोत्तरांची सेवा माणसांच्या बांधिलकीवर उभी राहते, हा पहिला. आणि केवळ शासनाच्या मर्जीवर सोडल्यास ती एका दिवसात संपू शकते, हा दुसरा.

शासनाला हे जमत नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. शेतकऱ्याने निःशुल्क क्रमांकावर आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा; पलीकडे कृषी पदवीधर असतो; त्याला उत्तर येत नसेल तर तो प्रश्न वरच्या पायरीवरील तज्ज्ञाकडे सोपवितो. या सेवेत उणिवा असतील, पण तत्त्व मान्य झाले: कपाशीवर कीड पडली तर शेतकऱ्याला विचारण्याचा अधिकार आहे आणि उत्तर देण्यासाठी पगारी माणूस बसविला पाहिजे. हेच तत्त्व वर्गात अडलेल्या शिक्षकाला का लागू नसावे? माहितीच्या अधिकाराने २००५ पासून नागरिकाला तीस दिवसांत उत्तर मागण्याचे बळ दिले आहे. पण तो कायदा दप्तरात असलेले कागद देतो. मूल वाचायला का शिकत नाही, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात नसते.

उपनगरातील संस्थांनाही याचा अनुभव आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था आणि टाटा न्यास यांच्यासह एक मोठा शैक्षणिक उपक्रम हाती घेतला. त्यात सरकारी शाळांतील शिक्षकांचे मोबाईलवरील विषयवार गट होते. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराम ही त्याची कार्यक्षेत्रे होती. देवनारहून मिझोरामच्या शिक्षकापर्यंत जे पोहोचू शकते, ते चार स्थानके पलीकडच्या घाटकोपरच्या पालिका शाळेपर्यंत पोहोचवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी पालिकेने, संस्थांनी आणि शिक्षक संघटनांनी एका टेबलाशी बसण्याची इच्छा हवी.

आता तज्ज्ञ कोण, या प्रश्नाकडे वळले पाहिजे. सेवा उभी राहते किंवा कोसळते ती येथेच. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगर धरण्याची ज्यांना लाज वाटत नाही असे असावेत, अशी त्यांची मागणी होती. शिकविण्याचे ज्ञान आणि शिकणाऱ्याच्या जीवनाचे ज्ञान या दोन्ही गोष्टी एकत्र याव्यात, हा तिचा गाभा. प्रश्नोत्तरांच्या सेवेलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, भांडुपच्या एका शिक्षिकेने विचारले, “एक-चतुर्थांश हा एक-तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार हा तीनपेक्षा मोठा, असे माझ्या वर्गातील मुले म्हणतात. काय करू?” मानखुर्दच्या केंद्रात अपूर्णांकांच्या अध्यापनावर संशोधन झाले आहे. तेथील अभ्यासक सांगेल, समान वाटणीपासून सुरुवात करा. एक भाकरी तिघांत आणि एक भाकरी चौघांत वाटली तर कोणाच्या वाट्याला जास्त येईल, हे मुलांना ठरवू द्या. बाजारपेठेजवळच्या शाळेतील एखादा शिक्षक सांगेल, ही मुले रोज वाण्याकडे जातात. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा आणि दीड त्यांना तोंडपाठ आहेत. अपूर्णांक त्यांना येतात, फक्त वहीतील अपूर्णांक ते हेच, असे कोणी सांगितलेले नाही. दोन्ही उत्तरे खरी आणि दोन्ही अपुरी. बाजाराच्या भाषेत पावाला शब्द आहे, एक-तृतीयांशाला रोजच्या वापरातला शब्द नाही. तिथे वाटणीची कल्पनाच उपयोगी पडते. उलट वाटणीच्या चित्रांत हरवलेल्या मुलाला वाण्याची मापे जमिनीवर आणतात. संशोधक आणि शिक्षक यांची उत्तरे शेजारीशेजारी ठेवली की त्यातून एक तिसरे, अधिक चांगले उत्तर घडते. केवळ वरून खाली येणारे उत्तर म्हणजे नव्या कपड्यांतील परिपत्रकच होय.

अशी सेवा चालविताना काही पथ्ये पाळावीच लागतील. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव त्याच्या वरिष्ठांना कळता कामा नये. “मला हे शिकवता येत नाही” असे शिक्षकाने लिहिले आणि ते विभाग निरीक्षकाच्या शेऱ्यात उमटले, तर दुसऱ्या दिवसापासून प्रश्न येणे बंद होईल. नियुक्तीचे अधिकार आणि उत्तराचे अधिकार एका हाती असू नयेत. उत्तर देणाऱ्याचे नाव मात्र उघड असावे, कारण उत्तराची जबाबदारी घ्यायची असते. प्रत्येक प्रश्नाला ठराविक दिवसांत पोच मिळाली पाहिजे आणि “याचे पक्के उत्तर आज कोणाला माहीत नाही” हेही सन्माननीय उत्तर मानले पाहिजे. ही सेवा आठही भाषांतून चालली पाहिजे, नाहीतर ‘वीस एक’ची कथा पुन्हा घडेल.

चळवळीतील अनेकांना एक मोह पडतो. निवृत्त प्राध्यापक आहेत, सेवाभावी मंडळी आहेत, त्यांच्या बळावर हे काम फुकट चालेल, असे वाटते. सेवाभाव मोलाचा आहे, पण पहिल्या उत्साहानंतर कंटाळवाणे काम उरते: एकच प्रश्न दहा रूपांत आलेला ओळखणे, जुने उत्तर शोधून जोडणे, अनुवाद करणे, चुकीचे उत्तर दुरुस्त करणे, अनुत्तरित प्रश्नाचा पाठपुरावा करणे. हे संपादनाचे श्रम आहेत आणि श्रमाला वेतन असते. शिक्षकांनी उत्तरे देण्यात घालविलेले तासही कामाचे तास म्हणून मोजले गेले पाहिजेत. कामगारांच्या आठ तासांसाठी लढलेल्या चळवळीने शिक्षिकेच्या रात्रीच्या दोन तासांना ‘सेवा’ म्हणून गिळू नये.

आणखी एक अडचण मोकळेपणाने मान्य करावी. अशी सेवा सुरू झाली की वेतन, बदली, ‘सरल’ आणि ‘शालार्थ’ यांच्या नोंदी, निवडणुकीची कामे यांविषयीचे प्रश्न आधी येतील आणि शिकविण्याचे प्रश्न त्यांत बुडतील. काही तज्ज्ञ म्हणतील, हे प्रश्न आमचे नाहीत, ते काढून टाका. ते काढू नयेत. त्यांचा स्वतंत्र विभाग करावा. कारण शिक्षक मतदारयाद्यांच्या कामावर असेल तर गुणाकार न येणे ही केवळ अध्यापनशास्त्राची अडचण उरत नाही. दोन्ही विभागांतील प्रश्न एकत्र वाचले की व्यवस्थेचे खरे चित्र दिसते. मालवणी, गोवंडी आणि विक्रोळी येथून एकाच महिन्यात तोच प्रश्न आला, तर तो एका शिक्षकाचा दुबळेपणा नसून धोरणाचा दोष आहे, हे कोणत्याही सर्वेक्षणाविना सिद्ध होईल. प्रश्नांचा संग्रह हेच शिक्षकांचे सामुदायिक निवेदन ठरेल.

शेवटचा आणि सर्वांत राजकीय मुद्दा मालकीचा. ‘याहू’ कंपनीची प्रश्नोत्तरांची सेवा २००५ मध्ये सुरू झाली. जगभरच्या लोकांनी तिच्यात सोळा वर्षे फुकट लिहिले. मे २०२१ मध्ये कंपनीने ती बंद केली. संगणक-कारागिरांनी परस्परांना मदत करण्यासाठी २००८ पासून उभारलेली ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ही सेवा २०२१ मध्ये ‘प्रोसस’ या कंपनीने १८० कोटी डॉलरला विकत घेतली. ते मोल निर्माण केले होते लाखो लोकांच्या विनामोबदला उत्तरांनी. २०२४ मध्ये त्या उत्तरांचा साठा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका बड्या कंपनीला उपलब्ध करून देण्याचा करार झाला. तेव्हा निषेध म्हणून स्वतःचीच उत्तरे काढून टाकू पाहणाऱ्या काहींची खाती तात्पुरती बंद करण्यात आली. गावाच्या गायरानाला कुंपण पडते ते याच रीतीने. आधी सर्वांनी मिळून चारा वाढवायचा आणि मग एके दिवशी फाटकावर पहारेकरी बसायचा.

शिक्षकांच्या उत्तरांचे असे होऊ द्यायचे नसेल, तर सेवा सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत. सर्व प्रश्नोत्तरे मुक्त परवान्याखाली राहतील, विक्रीस जाणार नाहीत. त्यांची संपूर्ण प्रत एकाहून अधिक सार्वजनिक संस्थांत ठेवली जाईल, म्हणजे एखाद्या सरकारने दार लावले तरी ज्ञान बाहेर राहील. संचालन मंडळात शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बहुमतात असतील. खर्च पालिकेच्या आणि राज्याच्या शिक्षण अंदाजपत्रकातून येईल, पण उत्तरात काय असावे, हे त्या पैशाने ठरणार नाही.

यंत्र क्षणात उत्तर देते, मग एवढा खटाटोप कशाला, असे आज विचारले जाते. यंत्राची मदत जरूर घ्यावी; अनुवादात आणि जुने उत्तर शोधण्यात ती उपयोगी पडेल. परंतु वर्गात ते उत्तर फसले तर यंत्र शिक्षिकेला भेटायला येत नाही, खेद व्यक्त करीत नाही आणि पुढच्या मंगळवारी “काय झाले?” असे विचारीत नाही. जे उत्तराची जबाबदारी घेत नाही, त्याच्या हाती पालिका शाळेतील मूल सोपविता येणार नाही.

साथींनो, पक्षाच्या कार्यकर्त्याला यात करण्याजोगे काम आजपासून आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील पालिका शाळांच्या शिक्षकांकडे जावे आणि उपदेश न करता त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. नाव न विचारता, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. ती वही घेऊन शिक्षक संघटनांकडे, मानखुर्द आणि देवनारच्या संस्थांकडे आणि पालिकेच्या शिक्षण समितीकडे जावे. या प्रश्नांना उत्तर देणारी कायम यंत्रणा उभारा, ही मागणी अंदाजपत्रकाच्या चर्चेत रेटावी. तोवर ज्या प्रश्नांची उत्तरे एका शाळेत आहेत, ती दुसऱ्या शाळेत स्वतः पोहोचवावीत. त्यासाठी सायकल आणि वही पुरे.

गरिबाच्या मुलाला शाळा मिळावी, यासाठी या देशात मोठा लढा झाला. त्या शाळेतील शिक्षक आज आपल्या प्रश्नासह एकटा उभा आहे. त्याला उत्तर मिळणे हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि हा हक्क मिळेपर्यंत शिक्षणाचा लढा पुरा झाला, असे कोणत्याही समाजवाद्याने म्हणू नये.